तिरकमठा

परशुरामाने सह्याद्रीच्या माथ्यावरून बाण सोडला, समुद्र मागे सरला आणि कोकणची ही चिंचोळी पट्टी वर आली, अशी आपल्याकडची जुनी कथा आहे. गोव्यातल्या बाणावलीच्या लोकांना विचाराल तर तो बाण आमच्याच गावात पडला, असे ते तुम्हाला सांगतील. कथा खरी मानावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एवढ्या पराक्रमी धनुष्याच्या भूमीत जन्म घेऊनही वयाची पासष्टी उलटेपर्यंत मला साधा तिरकमठा करता येत नव्हता, ही गोष्ट मात्र सोळा आणे खरी आहे.

हा उद्योग माझ्या मागे लागला तो नातवामुळे. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ही आपली दोन मुले एकाच दिवशी जगज्जेती झाली. अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची. दोघेही साताऱ्यात एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेले. पुढे ऑक्टोबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धांत ओजसने तीन सुवर्णपदके मिळवली. हा सारा सोहळा आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने दूरदर्शन संचासमोर डोळ्याची पापणी न लववता पाहिला आणि "आजोबा, मला खरं धनुष्य हवं," असे जाहीर केले. दुकानातून आणलेले प्लॅस्टिकचे धनुष्य तीन दिवसांत निकालात निघाले होते.

"त्या मुलांची धनुष्यं चाकांची आणि तारांची असतात रे बाळा," मी म्हणालो. "ती काही घरी करता येत नाहीत. पण लाकडाचं साधं धनुष्य करता येतं. माझ्या वडिलांनी मला एकदा..." एवढे बोलून मी थांबलो. माझे थांबणे त्याच्या ध्यानात आले नाही. त्याने फक्त 'करता येतं' एवढेच ऐकले.

"मग तुम्ही कराल?"

मी हो म्हटले. चौतीस वर्षे बँकेत बसून खातेवह्या तपासलेल्या माणसाने असे हो म्हणू नये, हे मला तेव्हा कळले नाही.

माळ्यावरचा पुरावा

मालवणपासून थोड्या अंतरावर खाडीच्या काठी आमचे जुने घर आहे. पुढल्या मे महिन्यात तिथे माळा साफ करताना गोणपाटात गुंडाळलेली एक वाकडी काठी माझ्या हाती आली. ती पाहताच मी ओळखली.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. 1967 च्या उन्हाळ्यात, मी नऊ वर्षांचा असताना, अण्णांनी मला बांबूचा तिरकमठा करून दिला होता. त्याचा बाण अंगणातून थेट गडग्यापलीकडे जाई. सारा मे महिना मी आळीचा अर्जुन होतो. जूनमध्ये पाऊस लागला, शाळा सुरू झाली आणि मी तो कमठा दोरी चढवलेलाच पडवीच्या खुंटीला टांगून ठेवला. गणपतीच्या सुट्टीत काढला तर बाण पाच पावलांवर पडू लागला. कमठ्यातला जीवच गेला होता. सगळ्या भावंडांसमोर मी अण्णांना म्हणालो, "तुम्हाला नीट करताच आला नाही!"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी दोरी काढली आणि कमठा माळ्यावर ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी मला पुष्कळ गोष्टी करून दिल्या; पण तिरकमठा नाही, आणि मीही कधी मागितला नाही. अण्णांना जाऊन आता तीस वर्षे होऊन गेली.

तोच कमठा घेऊन मी गावातल्या मेस्त्रींकडे गेलो. हे मेस्त्री होड्या बांधणारे, वयाने सत्तरीच्या पुढचे. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून डोळ्यासमोर आडवा केला, एक डोळा मिटून पाहिला आणि मग अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"ह्यो कोणी केल्यान?"

"माझ्या वडिलांनी."

"त्येंचो हात बरो होतो. दोनय बाजू बगा, सारक्या आसत. चूक करणाऱ्याची नाय, भाऊ. कोणीतरी दोरी चढवून तसोच टांगून ठेवल्यान, पावसाळोभर."

सत्तावन्न वर्षांनी निकाल लागला, आणि तो माझ्याविरुद्ध गेला. त्याच दिवशी मी मनाशी ठरवले की एक तरी कमठा नीट करायचा. तो कसा केला, कुठे चुकलो आणि शेवटी काय साधले, ते इथे सांगतो. वाचकांपैकी कुणी आई, बाबा किंवा आजोबा मुलांच्या हट्टापायी याच वाटेला लागले, तर त्यांची एखादी तरी ठेच चुकेल.

पाठ आणि पोट

धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी, एवढीच माझी समजूत होती. मेस्त्रींनी ती पहिल्याच दिवशी मोडीत काढली. कमठा ओढला की त्याची आपल्याकडची बाजू दबते आणि पलीकडची ताणली जाते. आपल्याकडची ती पोट, पलीकडची ती पाठ. पाठीवरचा एखादा तंतू जरी तुटलेला असला, तरी ताणाखाली तिथूनच चीर पडते. म्हणून पाठीला शक्यतो हत्यार लावायचे नाही. जे काही ताशायचे ते पोटाकडून.

बांबूच्या बाबतीत हे काम निसर्गानेच सोपे करून ठेवले आहे. बांबूचे चिवट तंतू बाहेरच्या सालीजवळ सर्वांत दाट असतात आणि आत जावे तसे विरळ होत जातात. तेव्हा साल ती पाठ, आतला गर ते पोट. अण्णांच्या कमठ्याची साल पाठीकडेच होती, जशीच्या तशी, एकही ओरखडा नसलेली.

दुसरी गोष्ट जाडीची. ही मात्र मी कागदावर आकडेमोड करून स्वतःला पटवली, कारण आकड्यांवाचून आम्हा बँकवाल्यांना काही पटत नाही. रुंदी दुप्पट केली तर कमठ्याचा ताठपणा दुप्पट होतो. पण जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. याचाच अर्थ असा, की दहा मिलिमीटर जाडीतला एकच मिलिमीटर तुम्ही ताशून टाकला, तर ताठपणा चतुर्थांशाहून अधिक घटतो. एक मिलिमीटर म्हणजे कोयत्याचा एक बेफिकीर हात! धनुष्याचे सारे मर्म या एका मिलिमीटरात आहे.

लाकूड कोणते घ्यावे?

आपल्या पूर्वजांनी या विषयाचा फार बारकाईने विचार केलेला दिसतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे असे धनुष्याचे प्रकार सांगितले आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू अशी यादीच दिली आहे. सह्याद्रीच्या रानात धामण नावाचे झाड आहे. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यांना आणि होडीच्या वल्ह्यांना ते वापरत आले आहेत. संस्कृतात याच झाडाला धन्वन किंवा धनुर्वृक्ष म्हणतात. यापेक्षा स्पष्ट शिफारसपत्र कोणते हवे? खानदेशातल्या भिल्लांचा कमठा मात्र बांबूचा, आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ पट्टीची.

परदेशातही ज्याच्या रानात जे उगवते त्याचेच धनुष्य झाले. डेन्मार्कमध्ये दलदलीत सापडलेली सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्ये एल्म वृक्षाची आहेत. इंग्रजांची प्रसिद्ध लांब धनुष्ये यू वृक्षाची; 1545 साली बुडालेले 'मेरी रोझ' हे त्यांचे लढाऊ जहाज 1982 साली वर काढले, तेव्हा त्या अवशेषांतून अशी शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली.

पण मला सर्वांत धीर दिला तो आल्प्स पर्वतातल्या त्या हिममानवाने. सुमारे 5300 वर्षे बर्फात गाडलेला त्याचा देह 1991 च्या सप्टेंबरात सापडला. त्याच्याजवळ यू लाकडाचे 1 मीटर 82 सेंटिमीटर लांबीचे धनुष्य होते, आणि ते अर्धवट ताशलेले होते! भात्यात चौदा बाण, त्यांतले पुरे झालेले फक्त दोन. ज्याचे पोट धनुष्यावर चालत होते त्याचेही काम अपुरे राहिले, मग माझ्यासारख्या पेन्शनराने आठ दिवसांत धनुष्य व्हावे अशी अपेक्षा का करावी?

नवशिक्याने मात्र धामणीच्या नादी न लागता बांबू घ्यावा. आमच्या सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू बांधाबांधाला असतो. इतर बांबू पोकळ. माणगा बुंध्याकडे जवळजवळ भरीव. अण्णांनी हाच वापरला होता. रानातले झाड तोडायचे नाही आणि परवान्याचीही कटकट नाही, कारण 2017 साली कायद्यात दुरुस्ती होऊन वनजमिनीबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. शेजाऱ्याच्या बांधावरचा मात्र विचारूनच तोडावा!

मी मेस्त्रींना म्हटले, "चला, उद्याच तोडू." ते हसले. "आता कित्याक? पाऊस पडान जावंदे, थंडी येवंदे. मगे बगूया."

सहा महिन्यांची वाट

बांबू तोडायचा तो पावसानंतर, थंडीत, आणि तीन-चार वर्षांचा जून झालेला. कोवळा बांबू दिसायला तुकतुकीत असतो, पण सुकताना सुरकुततो आणि त्याला भुंगा लवकर लागतो. डिसेंबरात आम्ही साडेतीन-चार सेंटिमीटर जाडीचे, सरळ वाढीचे तीन माणगे तोडले. बांबूत पिष्ट पदार्थ असतो आणि तोच भुंग्याचे खाद्य. म्हणून तीन आठवडे ते पाण्यात बुडवून ठेवले, की तो निघून जावा. मग कोयत्याने उभे चिरून प्रत्येकाचे दोन भाग केले, टोकांना मेण फासले आणि पडवीत, सावलीत, आडवे मांडून ठेवले. टोकांना मेण अशासाठी, की लाकूड टोकाकडून झपाट्याने सुकते आणि तिथेच तडकते. उन्हात टाकल्यासही तीच गत.

मी मुंबईहून दर आठवड्याला दूरध्वनी करून चौकशी करी. "सुकले का हो, मेस्त्री?" शेवटी एकदा ते म्हणाले, "भाऊ, लाकडाक घाई नाय. घाई तुमका आसा."

पहिला कमठा

मे महिन्यात नातू सुट्टीसाठी आला आणि आम्ही कामाला लागलो. आधी मापे. धनुष्याची लांबी सर्वसाधारणपणे वापरणाऱ्याच्या उंचीएवढी धरावी. सिकंदराबरोबर आलेल्या नीआर्कसच्या आधारे एरियनने लिहून ठेवले आहे की हिंदी पायदळाचे धनुष्य माणसाएवढे उंच असे. नातवाची उंची 140 सेंटिमीटर, तेवढीच पट्टी कापली. दोन्ही हात पसरून बोटापासून बोटापर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्याला अडीचने भागायचे, म्हणजे दोरी किती ओढायची ते समजते. त्याची ओढ आली 56 सेंटिमीटर. जोर ठरवला सात किलोचा. अकरा वर्षांच्या मुलाला तेवढा पुरे. अधिक जड केला तर मूल ओढताना खांदे वाकडे करते आणि दोन दिवसांत कंटाळते.

पट्टीच्या मधोमध सूत धरून रेघ मारली. मध्ये मुठीची दहा सेंटिमीटर जागा तीन सेंटिमीटर रुंद ठेवली, आणि तिथून दोन्ही टोकांकडे निमुळते करत सव्वा सेंटिमीटरवर आणले. इथवर सगळे ठीक झाले. मग पोटाकडून ताशायला बसलो.

मेस्त्रींनी बजावले होते: "आधी बगा, मगे ताशा. ताशलेला परत चिकटाचा नाय." पण नातू शेजारी बसून दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारत होता, आणि खरे सांगायचे तर मलाही तेच विचारायचे होते. सकाळी सुरू केलेले काम दुपारच्या जेवणाआधी आटोपले. दोरी चढवली. डावी बाजू मुठीपासून वीतभर अंतरावर छान वाकत होती. ती छान वाकते आहे याचा मला आनंद झाला, आणि तिथेच माझे चुकले. एकाच जागी छान वाकते, याचा अर्थ ती जागा पातळ झाली आहे. सगळ्या बाजूचा भार दाराच्या बिजागरीसारखा तिथे एकवटतो आहे.

नातवाने उत्साहाने दोरी पुरती कानापर्यंत ओढली आणि काड्कन आवाज झाला. बोटभर लांबीची एक सळई त्याच्या कानाजवळून सणसणत गेली आणि मागच्या दाराच्या फळीत रुतली.

त्याला काही झाले नाही. पण ती सळई फळीतून उपटताना माझे हात थरथरत होते. कान आणि डोळा यांत अंतर ते किती! सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या. जनकाच्या दरबारात धनुष्य मोडले तेव्हा रामाला सीता मिळाली. आमच्या पडवीत मोडले तेव्हा मला जी बोलणी मिळाली ती इथे छापण्याजोगी नाहीत, आणि ती सारी मला लागू होती. नातू रडत होता तो भीतीने नव्हे, कमठा मोडला म्हणून. संध्याकाळी मेस्त्री आले. त्यांनी तुकडे उचलून पाहिले, माझ्याकडे एक नजर टाकली आणि नातवाच्या पाठीवर हात ठेवला. "रडतस कित्याक रे? पयलो मोडताच."

तेव्हा पहिला नियम हा, की नवे धनुष्य मुलाच्या हाती देण्याआधी मोठ्या माणसाने ते दोरखंडाने, लांब उभे राहून, अनेकदा ओढून पाहावे. आणि तेव्हाही डोळ्यांवर चष्मा असावा. मी हा नियम मोडून शिकलो. तुम्ही वाचून शिका.

दुसरा कमठा

दुसऱ्या कमठ्याला आम्ही अकरा दिवस घेतले.

पडवीच्या खांबाला, डोक्याच्या उंचीवर, मेस्त्रींनी एक जाड खुंटी ठोकून दिली आणि तिला फडके गुंडाळले. तिच्यावर कमठा मुठीत आडवा ठेवायचा, पाठ वर, दोरी खाली. दोरीच्या मध्यावर हुकाचा वजनकाटा अडकवला, त्याला दोर बांधला आणि तो खांबाच्या तळाशी बसवलेल्या विहिरीच्या जुन्या कप्पीतून काढून लांब उभ्या असलेल्या माझ्या हाती घेतला. मागच्या भिंतीवर कोळशाने दर पाच सेंटिमीटरला आडव्या रेघा मारल्या. आता दोर ओढला की दोन्ही बाजू किती वाकतात आणि काटा किती दाखवतो, हे लांबून स्पष्ट दिसे. घराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मारल्याबद्दल जे ऐकावे लागले तेही लागूच होते.

पद्धत सांगायला सोपी आहे. सुरुवातीला दोरी सैल आणि लांब ठेवावी. थोडेच ओढावे आणि पाहावे. जिथे वाकत नाही तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि तेवढ्याच जागी, चाकूची धार उभी धरून, पोट खरवडावे. जिथे अगोदरच जास्त वाकते आहे तिथे हातही लावू नये. बांबूच्या पेरांपाशी जाडी किंचित अधिक राहू द्यावी. खरवडल्यावर लगेच निकाल मागू नये. वीस-तीस वेळा हळूहळू ओढून सोडावे, मग पुन्हा पाहावे, कारण केलेला बदल लाकडाच्या अंगात उतरायला तेवढा वेळ लागतो. दोन्ही बाजू सारख्या वाकू लागल्या की मगच आखूड दोरी चढवावी.

यातला सर्वांत महत्त्वाचा नियम काट्याचा. आपल्याला सात किलोचा कमठा हवा, तर काटा सातच्या पुढे कधीही जाऊ द्यायचा नाही, अगदी पहिल्या दिवशीसुद्धा. वीस सेंटिमीटरवरच सात दिसले, तर तिथेच थांबायचे, उतरवायचे, खरवडायचे. मग पंचवीसवर सात येतील, मग तीसवर. असे करत करत 56 वर सात आले, की धनुष्य झाले. लाकडाला त्याच्या ठरलेल्या ओझ्यापेक्षा अधिक कधी उचलायला लावले नाही, तर ते म्हातारपणापर्यंत साथ देते.

नातवाचे काम पेन्सिलीच्या खुणांचे. पहिल्या दिवशी तो "झालं का?" विचारीत होता. चौथ्या दिवशी म्हणाला, "आजोबा, उजवीकडे टोकाजवळ अजून ताठ आहे." मला दिसत नव्हते. चष्मा पुसून पाहिले, तर पोराचे बरोबर होते. आठव्या दिवशी मी चाकू उचलला तेव्हा त्याने माझा हात धरला. "थांबा. आधी वीस वेळा ओढायचंय." त्या दिवशी मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. जो मुलगा दोन मिनिटे एका जागी बसत नाही म्हणून शाळेतून चिठ्ठ्या येत, तोच हा.

दोरी आणि काही पथ्ये

दोरीसाठी मालवणच्या बाजारात जाळी विणायचा धागा मिळतो. त्यातला नायलॉनचा घेऊ नये, तो ताणून लांबतो, पॉलिस्टरचा घ्यावा. कमठ्याच्या जोराच्या निदान चौपट भार पेलील इतके पदर एकत्र पिळावेत आणि त्यांना मधमाश्यांचे मेण चोळावे. दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरी यांत किती अंतर असावे? ज्याचे धनुष्य त्याने मूठ वळून अंगठा उभा करावा, तेवढे.

कमठा झाला की त्याला तेल पाजावे. आम्हाला मेस्त्रींनी उंडीचे तेल दिले. शहरात अळशीचे मिळते. पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा. अळशीच्या तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. बाणाबरोबर जाणारा सगळा जोर मग कमठ्याच्याच अंगात शिरतो आणि तो मोडतो. बाणाच्या टोकाला रबरी टोपण असावे, नेमाच्या मागे गवताची गंजी आणि तिच्या मागे भिंत किंवा गडगा असावा. पाखरावर, मांजरावर, माणसावर धनुष्य रोखायचे नाही, रिकामे असले तरी नाही. हे पथ्य मोडले तर कमठा आठ दिवस माळ्यावर जाईल, असा आमचा करार आहे, आणि त्यावर नातवाची सही आहे.

आणि शेवटचे पथ्य: खेळ संपला की दोरी उतरवायची. ताणलेल्या कमठ्याचे पोट सारखे दबत राहते. दमट हवेत लाकूड आधीच मऊ झालेले असते. अशा वेळी ते दबलेले पोट तसेच कायमचे बसते, आणि मग दोरी काढली तरी काठी सरळ होत नाही. कोकणातल्या पावसाळ्याएवढा दमटपणा दुसरीकडे कुठे शोधायचा? महाभारतात पाहा, अज्ञातवासाला निघताना पांडवांनी शमीच्या झाडावर शस्त्रे ठेवली, ती आधी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवून. वर्षभराने अर्जुनाने गांडीव काढले तेव्हा ते कामाला आले. आळीच्या अर्जुनाला एवढी अक्कल असती तर!

चतुर्थी

मे अखेरीस बाण अंगणातून सुटला आणि गडग्यापलीकडे गेला. किती लांब गेला ते आम्ही मोजले नाही. नातवाने तो शोधून आणला आणि पुन्हा सोडला, दिवेलागणीपर्यंत.

गणेश चतुर्थीला सगळे घर भरले. आभाळ भरून आले होते, आणि पडवीत भावंडांचा गलका चालला होता. भिंतीवर मी दोन खुंट्या मारल्या होत्या. एकीवर नातवाचा कमठा, दुसरीवर अण्णांचा. नातवाने जुन्या कमठ्यावरून अंगठा फिरवला, अगदी मेस्त्रींसारखा.

"आजोबा, हा कोणी केला?"

"माझ्या वडिलांनी. फार चांगला केला होता. मी बिघडवला."

"मग तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"नाही रे. उलट त्यांनाच बोललो. सांगायचं राहून गेलं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. लाकडाच्या गोष्टीत एवढे काय, असे त्याला वाटले असेल, किंवा वाटले नसेलही. बाहेर पावसाची सर आली. भावंडे आत पळाली. तो मात्र थांबला, आपला कमठा खुंटीवरून काढला, गुडघ्याला लावून किंचित वाकवला आणि दोरीचा फास टोकाच्या खाचेतून अलगद सोडवला. काठी सरळ झाली. त्याने ती एका डोळ्याने, टोकाकडून, नीट पाहून घेतली.

"सरळ आहे," तो म्हणाला, आणि ती अण्णांच्या कमठ्याशेजारी टांगून जेवायला गेला.

मी आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. मला अण्णांशी दोन शब्द बोलायचे होते.